रक्तगटावरून स्वभाव सांगणारा १,५०० रुपयांचा अहवाल : माझा अनुभव

बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका करिअर मार्गदर्शन केंद्रात एप्रिलमध्ये मी माझ्या भाचीला घेऊन गेले होते. 'रक्तगटानुसार स्वभाव आणि करिअर अहवाल' अशी तिथली एक सेवा आहे. फी १,५०० रुपये, पावती लगेच मिळाली. केंद्राचं नाव मी इथं घेत नाही. मुलांच्या दहावीनंतर असा अहवाल काढायच्या विचारात जे आईबाप आहेत, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

मी मूळची नंदगडची. बेळगावात ३१ वर्षं रक्तपेढीत टेक्निशियन होते, निवृत्त होऊन ४ वर्षं झाली. ए गट ओळखणारं निळं अँटी-ए, बी ओळखणारं पिवळं अँटी-बी, टाइलवर रक्ताचे थेंब, काडीनं ढवळायचं, टाइल हळूहळू हलवत गुठळ्या होतात का ते बघायचं, हे माझं रोजचं काम. गणपतीतली मंडळांची शिबिरं असोत की मध्यरात्री गोकाकहून आलेल्या बाळंतिणीसाठी केलेलं क्रॉस-मॅच (दात्याचं रक्त तिला चालेल का ही तपासणी), त्या एका अक्षरावर माणसाचा जीव असतो हे मी बघितलंय. त्यामुळे ते अक्षर कुणी कसंही वापरलं की मला लागतं.

माझा धाकटा भाऊ खानापुरात असतो, हार्डवेअरचं दुकान आहे. त्याच्या मुलीनं यंदा एसएसएलसी, म्हणजे दहावी, दिली. पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, सायन्स की कॉमर्स, यावर घरात महिनाभर घोळ चालला होता. भावजयीच्या माहेरच्या कुणीतरी हे केंद्र सुचवलं. भावाचा फोन आला, "आक्का, तुझं रक्तातलंच काम, तूच घेऊन जा की तिला." मी गेले.

जे चांगलं होतं ते आधी सांगते, कारण ते खरोखर चांगलं होतं. जागा स्वच्छ. दिलेल्या वेळेला आत बोलावलं. समुपदेशक मुलगी तिशीच्या आतली. आमच्याशी मराठीत बोलली, आमच्या आधी बैलहोंगलचं एक कुटुंब होतं त्यांच्याशी कन्नडमध्ये, आणि दोन्हीकडे तेवढ्याच आपुलकीनं. आपल्या भागात हे लिहून ठेवण्यासारखं आहे. तिनं भाचीला एकटीला आत घेऊन ४० मिनिटं बोलतं केलं. अभ्यासाला कधी बसतेस, काय करताना वेळेचं भान राहत नाही, मार्क कमी पडले तर घरात कुणाला आधी सांगतेस. घरी चार वाक्यांच्या वर न बोलणारी पोर बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा मोकळा झाला होता. या ४० मिनिटांचे निराळे पैसे मागितले असते तर मी आनंदानं दिले असते.

अहवाल मात्र त्या बोलण्यातून निघाला नाही. तो एका फॉर्ममधून निघाला. नाव, जन्मतारीख, रक्तगट. भाचीनं दप्तरातून शाळेचं आरोग्य कार्ड काढून गट लिहिला. कुणी तपासलं नाही, पुरावा मागितला नाही. वीस मिनिटांत १४ पानी गुळगुळीत कागदाची रंगीत पुस्तिका हातात आली, सोबत चारही गटांची वर्णनं असलेली एक छोटी 'परिवार पुस्तिका' फुकट.

संध्याकाळी खानापूरला घरी वाचन झालं. "आपण मुक्त विचारांच्या आहात, तरी जवळच्या माणसांच्या मताचा आपल्या मनावर परिणाम होतो." "नव्या गोष्टीचा उत्साह लवकर येतो, काही वेळा तो टिकत नाही." "बंधन आवडत नाही, पण प्रेमापोटी तडजोड करता." प्रत्येक वाक्याला भावजय मान डोलवत होती. "वन्सं, हीच की ही! वही सुरू करते आणि अर्धी टाकते." भाऊही हो म्हणाला. मग नववं पान आलं : दीर्घकाळ एका जागी बसून करायची आकडेमोड या गटाला जड जाते, माध्यमं, जाहिरात, कार्यक्रम-संयोजन अशी क्षेत्रं अनुकूल.

ही मुलगी प्रिपरेटरी परीक्षेत गणितात वर्गात पहिली होती. सुट्टीत आपल्या चुलतभावाची पीयूसीची पुस्तकं आणून ती स्वतःहून गणितं सोडवत बसायची. पुढच्या तीन रात्री तिनं पुस्तक उघडलं नाही. आईनं विचारलं तर म्हणाली, "माझा बी ग्रुप आहे, मला पुढं जड जाणार म्हणे." छापील कागदाचं वजन १५ वर्षांच्या मुलीच्या मनावर किती पडतं, हे त्या पुस्तिका छापणाऱ्यांनी एकदा समोर बसून बघावं.

पण मला त्याच संध्याकाळी दुसराच धक्का बसला होता. मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरात 'बी' होतं. माझी भावजय ओ आहे, दोन्ही बाळंतपणांत तिचा गट मी स्वतः केलाय, दोन्ही बाजूंनी तपासून : सरळ बाजूनं तांबड्या पेशी, उलट बाजूनं सीरम, म्हणजे रक्तातलं पाणी. भाऊ ए आहे, दरवर्षी रक्त देतो. ओ आणि ए यांच्या पोटी बी कुठून येणार?

प्रत्येकाकडे या गटाची दोन अक्षरं असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. ओ गटाच्या आईकडे दोन्ही ओच, ती ओच देणार. ए गटाचा बाप ए देईल किंवा, त्याच्याकडे लपलेलं ओ असेल तर, ओ देईल. म्हणजे मूल ए किंवा ओ. कार्ल लँडस्टायनरनं व्हिएन्नात १९०१ मध्ये गट मांडले, पण ते वारशानं नेमके कसे उतरतात हे पक्कं केलं १९२४ मध्ये फेलिक्स बर्नस्टाइन या जर्मन गणितज्ञानं. डॉक्टरनं नव्हे, गणितज्ञानं. लोकसंख्येत कुठला गट किती, याची मोजलेली आकडेवारी घेऊन त्यानं दाखवलं की एकाच जनुकाची तीन रूपं मानली तरच हे प्रमाण जुळतं. संभाव्यतेच्या गणितानं रक्तगटाला दिलेली ही सगळ्यात मोठी देणगी, आणि आम्ही रक्तपेढीतली माणसं त्यावर रोज विसंबतो.

तर भाचीच्या बाबतीत शक्यता तीन. एक, कार्ड चुकलं. दोन, आई दिसायला ओ पण प्रत्यक्षात बॉम्बे गटाची, म्हणजे तिच्याकडे बी लपलेलं आहे पण ते पेशीवर दिसत नाही. हा गट १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत शोधला, भारतात साधारण १० हजारांत एकाचा असतो. उलट बाजूनं तपासणी केली की तो लपत नाही, आणि भावजयीची ती तपासणी झालेली होती. तिसरी शक्यता मी लिहीतही नाही, वाचणाऱ्याच्या मनात ती आधीच आली असेल. तीच तर भीती. अर्धवट माहितीच्या घरात हीच शंका सगळ्यात आधी येते, आणि एका चुकलेल्या कार्डापायी बाईच्या आयुष्याची माती होते. नोकरीत असताना अशा घरातली माणसं माझ्या काउंटरवर येऊन हळू आवाजात विचारायची. मी प्रत्येकाला एकच सांगत आले : आधी पुन्हा तपासा. शाळेच्या शिबिरात ३०० मुलं रांगेत, टाइल वाळायला लागली की गुठळीसारखा भास होतो, एक पोर गैरहजर असलं की रजिस्टरात खालची सगळी नावं एका ओळीनं सरकतात. कार्डावरची चूक ही १० हजारांत एक अशी गोष्ट नाही. जी शक्यता जास्त, तिच्याकडे आधी बघायचं.

तेव्हा घरात कुणाला काही बोलले नाही. चौथ्या दिवशी भाचीला 'रक्त कमी आहे का बघू' म्हणून बेळगावला बोलावून घेतलं आणि माझ्या जुन्या लॅबमध्ये नेलं. माझ्या हाताखाली शिकलेल्या मुलानं टाइल मांडली. निळ्या थेंबात लगेच गुठळ्या, पिवळा थेंब दुधासारखा सरळ. सीरम उलट बाजूनं लावलं, तेही तेच बोललं. ए पॉझिटिव्ह. पुन्हा एकदा नवीन नमुना घेऊन केलं. ए पॉझिटिव्ह. शाळेचं कार्ड चुकलं होतं.

आता त्या अहवालाकडे परत या. ज्या पुस्तिकेतलं प्रत्येक वाक्य घरातल्या सगळ्यांना 'हीच की ही' वाटलं, ती पुस्तिका तिची नव्हतीच.

केंद्राला फोन केला. त्यांनी वाद घातला नाही, दिलगिरी व्यक्त केली, नवा अहवाल विनाशुल्क त्याच दिवशी पाठवला. सेवा म्हणून हे चोख. ए गटाची पुस्तिका म्हणत होती : "आपण जबाबदार आणि शिस्तीच्या आहात. काळजी मनात ठेवता, चटकन बोलून दाखवत नाही. हिशेब, संशोधन, बँक, औषधनिर्माण अनुकूल." पुन्हा घरी वाचन. भावजय थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "हेपण खरंच आहे की, वन्सं. तिच्या कपाटातल्या घड्या बघा." भावजयीला मी दोष देत नाही. आई आहे, मुलीत सगळंच दिसतं तिला. पण भाचीनं दोन्ही पुस्तिका शेजारी ठेवल्या आणि मला विचारलं, "आत्या, मग मी कुठली गं?"

या प्रश्नानं माझी झोप उडाली, म्हणून हे सगळं लिहिणं.

अहवाल 'जुळला' की आपण त्याला खरा मानतो. पण जुळण्याला किंमत कधी? बाकीचे तीन अहवाल जुळत नसतील तेव्हाच. 'काळजी मनात ठेवता' हे वाक्य ए गटाच्या शंभरातल्या ८० जणांना पटत असेल आणि इतर गटांच्याही शंभरातल्या ८० जणांना पटत असेल, तर ते पटल्यानं तुमच्या गटाबद्दल एक कणही कळत नाही. रक्तपेढीत आम्ही नवीन अँटी-ए सीरमची बाटली फोडली की ए गटाच्या पेशींत गुठळी होते का तेवढंच बघत नाही. बी आणि ओ पेशींत ती होत नाही ना, हे त्याच वेळी बघतो. सगळ्यांतच गुठळी करणारी बाटली आम्ही टाकून देतो. स्वभावाच्या अहवालाला हीच कसोटी लावावी, एवढं माझं म्हणणं.

अमेरिकेतल्या बर्ट्राम फोरर या मानसशास्त्राच्या प्राध्यापकानं १९४८ मध्ये आपल्या वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांना चाचणी देऊन प्रत्येकाला 'खास तुमचं' म्हणून व्यक्तिमत्त्वाचं वर्णन दिलं. किती जुळतं याला ५ पैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी ४.२६ आली. वर्णन सगळ्यांना एकच होतं, ज्योतिषाच्या एका पुस्तकातून वाक्यं घेऊन बनवलेलं. खानापुरातल्या सोप्यावर आमच्या घरात जे झालं ते हेच.

ही कल्पना आली कुठून, हेही मी या निमित्तानं नीट वाचून काढलं. जपानमध्ये १९२७ साली ताकेजी फुरुकावा या शिक्षकानं रक्तगट आणि स्वभाव यांचा संबंध मांडला. तो तोक्योतल्या मुलींच्या अध्यापक विद्यालयात शिकवायचा. पाहिलेली माणसं मोजकी होती. पुढं ते मागं पडलं, आणि १९७१ मध्ये मासाहिको नोमी या, वैद्यकाचं शिक्षण नसलेल्या लेखकानं पुस्तक काढून ते पुन्हा घराघरात नेलं. ए म्हणजे शिस्तीचा, बी म्हणजे मनमानी, ओ म्हणजे दिलदार पुढारी, एबी म्हणजे दुहेरी. टिळकवाडीच्या पुस्तिकेत तीच चार चित्रं आहेत, फक्त मराठीत. जपानमध्ये नोकरी-लग्नात यावरून माणसांना इतका त्रास झाला की त्या छळाला 'बुराहारा' असा शब्दच तयार झाला. २०११ मध्ये त्सुनामीनंतरच्या पुनर्बांधणीचे मंत्री र्यू मात्सुमोतो यांनी उद्धट बोलण्यापायी थोड्याच दिवसांत राजीनामा दिला, तेव्हा त्यांनी आपला बी गट पुढं केला होता.

आणि त्याच जपानमध्ये हे तपासूनही झालंय. केंगो नावाता या संशोधकानं २०१४ मध्ये जपान आणि अमेरिकेतल्या मिळून १० हजारांहून जास्त लोकांची उत्तरं तपासली. प्रश्न ६८. त्यातल्या ६५ प्रश्नांत गटागटांत दखल घेण्याजोगा फरक नाही. तीन प्रश्नांत दिसला. आता हे तीन बघून कुणी म्हणेल, बघा, काहीतरी आहे. तर असं बघा : अशा तपासणीत निव्वळ योगायोगानं 'फरक' दिसायची मुभा प्रश्नामागे शंभरात ५ एवढी धरलेली असते. ६८ प्रश्नांना मिळून तीन-चार फरक काहीही संबंध नसताना दिसणारच. दिसले तीन.

मला आणखी एक गोष्ट खुपते. जपानमध्ये शंभरात साधारण ४० ए आणि २० बी. आपल्याकडे बी भरपूर, साधारण तिसरा हिस्सा. हे फार पूर्वीच कळलेलं आहे : पहिल्या महायुद्धात ग्रीसमधल्या सलोनिकाच्या आघाडीवर लुडविक आणि हाना हिर्शफेल्ड या पतिपत्नींनी अनेक देशांच्या हजारो लोकांचे गट केले, १९१९ मध्ये ते छापलं, आणि त्यात भारतीय सैनिकांमध्ये बी सगळ्यात जास्त, शंभरात ४० च्या आसपास निघाले. घरदार सोडून, परक्या मुलखात, हुकूम पाळत उभे असलेले ते सैनिक. आपल्या बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, पहाटे कॅम्पच्या रस्त्यावर धावणारी रिक्रूट पोरं आपण रोज बघतो. त्यांच्यातली तिसरा हिस्सा पोरं बी गटाची म्हणून 'बंधन न पाळणारी, अर्धवट सोडणारी' असं कोण म्हणेल? आणि दक्षिण अमेरिकेतल्या कित्येक मूळ जमातींत जवळपास सगळेच ओ. त्या गावांत सगळेच पुढारी आहेत का?

गट म्हणजे काय, तर तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावरच्या साखळीच्या टोकाला कुठली साखर चिकटवलेली आहे, एवढं. ती चिकटवणाऱ्या ए आणि बी विकरांत (एन्झाइममध्ये) ३५४ अमिनो आम्लांपैकी फक्त ४ वेगळी असतात. ओच्या सूचनेतलं एक अक्षर गळलेलं असतं, म्हणून ते विकर बिनकामाचं. याचा शरीरावर परिणाम होतो, हे मी नाकारत नाही. ओ गटाच्या लोकांत रक्त गोठवायला मदत करणारा एक घटक इतरांपेक्षा साधारण पाव हिश्शानं कमी असतो, ए-बी-एबी गटांना शिरांमध्ये गुठळ्या होण्याचा धोका थोडा जास्त असतो. पण हेसुद्धा हजारो माणसं मोजून, तुलना करून ठरलेलं आहे. स्वभावाचंही तसंच मोजलं, आणि काही निघालं नाही.

वाचून समाधान होईना, म्हणून घरीच करून बघायचं ठरवलं. मे महिन्यात गावच्या यात्रेला सगळी भावकी आणि पाव्हणे जमतात. परिवार पुस्तिकेतली चारही वर्णनं भाचीनं साध्या कागदांवर उतरवली. गटाचं अक्षर, रंग, चित्र काही नाही, वर फक्त आकडा, १ ते ४. बारा मोठी माणसं निवडली, ज्यांचे गट मला पक्के माहीत आहेत. प्रत्येक गटाचे तीन-तीनच घेतले. हे मुद्दाम. आपल्याकडे ओची माणसं जास्त आणि पुस्तिकेतलं ओचं वर्णन सगळ्यात गोड. मिळेल ती माणसं घेतली असती तर गोड कागद बहुतेकांनी उचलला असता आणि त्यातले बरेच योगायोगानं बरोबर ठरले असते. तीन-तीन घेतल्यावर ती पळवाट राहत नाही. कुणी कुठलाही कागद कितीही उचलला तरी नुसत्या अंदाजानं सरासरी तीनच बरोबर येणार. एबीचा तिसरा माणूस मिळवायला यात्रेत आलेल्या मामेसासऱ्यांच्या जावयापर्यंत जावं लागलं.

आणि आकडा आधी ठरवला. निकाल बघून आकडा ठरवायचा नाही, हे मी भाचीला पहिल्यांदा सांगितलं. दोघींनी मिळून हिशेब मांडला. एकही बरोबर न येण्याची शक्यता म्हणजे पाऊण गुणिले पाऊण असं १२ वेळा, शंभरात ३. ते तिनं एकटीनंच काढलं. पुढं बारांतून दोन, तीन, चार माणसं किती प्रकारे निवडता येतात ते मी दाखवलं, बारांतून चार ४९५ प्रकारे, आणि मग ती थांबेचना. नुसत्या अंदाजानं सात किंवा जास्त बरोबर यायची शक्यता शंभरात दीडसुद्धा भरत नाही. म्हणून ठरवलं, सात आले तर मी केंद्राची जाहीर माफी मागेन. कागदावर लिहून देव्हाऱ्यात ठेवलं.

जेवणं झाल्यावर एकेकाला माडीवर बोलावलं, चारही कागद वाचायला दिले, 'तुमचा कुठला' विचारलं. एकमेकांत बोलू दिलं नाही. सहा जणांनी तोच गोड कागद उचलला. बरोबर आले चार.

चार किंवा त्याहून जास्त बरोबर येणं नुसत्या अंदाजानं शंभरात ३५ वेळा घडतं. बारा माणसांवरून मी जगाचा निकाल लावत नाही, त्यासाठी वरचे १० हजार आहेत. पण ज्या पुस्तिकेत 'तुमचं हुबेहूब प्रतिबिंब' असं छापलंय, त्या प्रतिबिंबात आठ जणांनी स्वतःला ओळखलं नाही.

आता दुसऱ्या सेवेबद्दल, जी मी घेतली नाही पण डोळ्यांसमोर घडताना पाहिली. केंद्रात 'जोडपं अहवाल'ही मिळतो, २,००० रुपये. मी बाहेर बसले असताना संकेश्वरकडचं एक स्थळ आलं होतं, मुलगा-मुलगी आणि दोन्हीकडच्या आया. दोघांचा गट ओ पॉझिटिव्ह. बाहेर आले तेव्हा मुलीची आई रडवेली. सारखा गट, म्हणून खटके उडतील आणि मुलाबाळांना अडचण येऊ शकते, असं त्यांना सांगितलं होतं.

इथं मात्र मला राग आला, आणि मी त्यांना जिन्यात थांबवून बोलले. सारख्या रक्तगटाच्या नवरा-बायकोला मूल व्हायला काही अडचण नसते. आपल्या देशात साधारण ओ ३७, बी ३२, ए २३, एबी ८ असं शंभरातलं प्रमाण धरा. गट न बघता लग्नं झाली तर दोघंही ओ असण्याची शक्यता शंभरात जवळपास १४, दोघंही बी १०, दोघंही ए ५, दोघंही एबी अर्ध्याहून थोडी जास्त. बेरीज ३०. दर दहा जोडप्यांत तीन जोडपी सारख्या गटाची आहेतच, तुमच्या गल्लीत, तुमच्या घरात. त्यांची पोरं शाळेत जातायत. बघायची गोष्ट एकच, आरएच, म्हणजे गटापुढचं पॉझिटिव्ह की निगेटिव्ह. बायको निगेटिव्ह आणि नवरा पॉझिटिव्ह असेल, शंभरात पाचेक जोडपी अशी असतात, तर डॉक्टरांना आधी सांगायचं. २८ व्या आठवड्याच्या सुमारास अँटी-डीचं इंजेक्शन, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत पुन्हा. एवढी काळजी घेतली तर पुढच्या बाळाचा धोका टळतो. लग्न मोडायचं कारण तेही नाही. त्या बाईनं माझा हात धरून दोनदा विचारलं, "नक्की ना हो, ताई?" नक्की, म्हटलं. ३१ वर्षं हेच केलंय.

तर माझा निवाडा. समुपदेशन : जरूर घ्या, ती मुलगी मनापासून ऐकते. रक्तगट अहवाल : घेऊ नका, आणि घेतलात तर नववं पान मुलांसमोर वाचू नका. जोडपं अहवाल : कुणीही घेऊ नये. आणि शाळेच्या कार्डावरचा गट एकदा रक्तपेढीत पक्का करून घ्या, तो अपघाताच्या वेळी लागतो.

पैसे परत मागितले नाहीत. मे अखेरीस मी केंद्रात जाऊन त्या समुपदेशक मुलीला सगळं सांगितलं, यात्रेतल्या माडीवरच्या चार कागदांसकट. ती बराच वेळ वहीत रेघा मारत बसली. मग म्हणाली, "पुस्तिका वरून येते, काकू. पण ते चार कागद मला द्याल का? पुढच्या पालकांना आधी तेच दाखवते."

भाचीनं ते पुन्हा स्वच्छ अक्षरात लिहून काढले, १ ते ४ आकडे घातले, कुठला कागद कुठल्या गटाचा हे एका वेगळ्या पाकिटात बंद केलं. मंगळवारी खानापूरच्या बसनं येऊन ते केंद्रात दिले आणि तिथूनच कॉलेजला जाऊन पीयूसीचा फॉर्म भरला. सायन्स, गणित घेऊन. रक्तगटाचा रकाना होता, त्यात ए पॉझिटिव्ह लिहिलं आणि शेजारी माझ्या लॅबची चिठ्ठी टाचली.